टीएसएच साहेब, लोभ असावा

रा. रा. टीएसएच साहेब,
मुक्काम पिट्युटरी ग्रंथी, मेंदूच्या तळाशी.

स. न. वि. वि.

शिर्डीहून पत्र लिहिण्यास कारण की, मंगळवारी आपण माझ्या रिपोर्टावर ठळक अक्षरांत प्रकट झालात. ७.२! आमच्या घरात एवढ्या मानानं आजवर कुणाचं नाव छापून आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, "तिला थायरॉइड आहे." ती ग्रंथी असते प्रत्येकाच्याच गळ्यात, मिरवायचा मान मात्र आपण मला दिलात. जाऊबाईंनी लगेच स्वतःची थायरॉइडची पन्नासची गोळी काढून दिली आणि "थायरॉइडला हा चालत नाही" म्हणत माझ्या ताटातला कोबी उचलला.

आपला विनोद कळायला मला दोन दिवस लागले. आकडा चढला म्हणजे ग्रंथी जोरात चाललीय, असं मी समजले. छे! ऊसतोडीच्या फडावर कोयते मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो, तसे आपण. ग्रंथी सुस्तावली म्हणून वरून ओरडताय. हाच आकडा ०.१ आला असता तर मी पेढे वाटले असते, आणि ग्रंथी मात्र उधळलेली असण्याची शक्यता जास्त!

आपल्याच खालच्या ओळीत फ्री टी-फोर, म्हणजे ग्रंथीचा स्वतःचा हार्मोन, नॉर्मल होता. साध्या अक्षरांत, बिचारा. डॉक्टरांनी आधी त्यालाच विचारलं. म्हणाले, "ग्रंथी अजून काम भागवतेय. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, अँटी-टीपीओ चाचणीही करू. तोवर कुणाची गोळी घ्यायची नाही." आपला केवढा हा अपमान! (कोबी मात्र परत आला.)

आपल्या दिनचर्येबद्दलही आभार. रात्री चढता, दुपारी उतरता. गेल्या वर्षी मी कोपरगावला दुपारी तीनला रक्त दिलं, तेव्हा आपण ५.१. यंदा काकड आरतीहून थेट लॅबमध्ये गेले. लॅब वेगळी, तिची नॉर्मलची रेघही वेगळी. "वाढतंय, वाढतंय" म्हणून मी झुरले, त्यातलं थोडं घड्याळानंच वाढवलं असणार. उलट, केसांसाठी मी बायोटिन खाते. काही मशिनांवर त्यापायी आपण खोटेच खाली दिसता म्हणे. रक्त घेताना तेवढं विचारायची तसदी कुणी घेतली नाही, हाही आपलाच मोठेपणा.

दुकानात मी ‘श्रद्धा सबुरी’चे स्टिकर विकते. पुढच्या तपासणीपर्यंत धीर धरायचा म्हणून त्यातला एक परवा स्वतःच्या गल्ल्यावर चिकटवला, अर्ध्या भावात.

कळावे, लोभ असावा. शक्यतो चारच्या आत असावा.

आपली,
शिर्डीतली एक हारवाली