काशी जवळ, बाग लांब

वयाची पंचाहत्तरी गाठली की महाराष्ट्रात एसटीचं भाडं पडत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ही सोय आहे. पुण्यात बसा, गडचिरोलीत उतरा, खिशाला तोशीस नाही. पासष्टीच्या पुढे निम्मं भाडं. देवदर्शनाची ओढ असेल तर २०२४ पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे. साठी ओलांडलेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या माणसामागे सरकार ३० हजार रुपयांपर्यंत खर्च करायला तयार आहे. म्हणजे आजोबांना काशीला धाडायला पैसे आहेत. अडचण येते ती त्यांना समोरच्या बागेत धाडायचं म्हटलं की.

समोरची म्हणजे अगदी समोरची, रस्त्यापलीकडची. सिग्नलवरचा हिरवा माणूस पळायला लागतो तेव्हा आजी जेमतेम दुभाजकाशी पोचलेल्या असतात. पुढचा हिरवा माणूस उगवेपर्यंत त्यांनी कण्हेरीच्या झुडपाला धरून उभं राहायचं. बागेच्या तोंडाशी दुचाकी शिरू नये म्हणून फिरतं लोखंडी फाटक आहे. त्यातून दुचाकी जात नाही आणि वॉकरही जात नाही. दुचाकीवाल्याला शेजारचं खिंडार ठाऊक असतं, एवढाच फरक.

आत बाकं मात्र मुबलक. प्रत्येकावर माननीयांचं नाव, तेही असं ठळक की चष्मा घरी विसरला तरी चालावं. म्हातारा माणूस म्हणजे बसणारा माणूस, हे माननीयांच्या मनात पक्कं आहे. इकडे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ रविवारी सिंहगड चढतात, वर पिठलं-भाकरी हाणतात आणि उतरून दुपारच्या झोपेला घरी हजर असतात. त्यांना बाक नकोय. त्यांना बॅडमिंटन कोर्टावर सकाळचा एक तास हवाय, तलावात एक बॅच हवीय. विचारायला गेले की खिडकीतला तरुण आधी त्यांच्याकडे आणि मग अर्जाकडे बघतो आणि म्हणतो, "काका, या वयात?" वर डॉक्टरचा दाखला मागतो. काशीच्या गाडीत बसायलाही दाखला लागतो म्हणे, पण तिथे निदान "या वयात?" असं कुणी विचारत नाही.

मग उरतं विरंगुळा केंद्र. तिथे कॅरम आहे, पावडर आहे, पण स्ट्रायकर नाही. तो ज्या काकांच्या खिशात असतो ते लेकीकडे बंगळुरूला गेलेत. पेपर दोन येतात, आणि दोन्हींतलं शब्दकोडं पहिला आलेला माणूस पेनानं भरून मोकळा होतो. स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली वॉचमनकडे आहे आणि वॉचमन दहाला येतो. मंडळी येतात सहाला. साठीनंतर घराबाहेर पाऊल टाकताना माणूस पहिला हिशेब याचाच करतो. मंत्रिमंडळातले कितीतरी जण स्वतः साठीपुढचे असून त्यांना हे सुचत नाही, कारण त्यांच्यासाठी विश्रामगृह उघडं असतं.

बायका? केंद्रात त्यांच्या नावावर गुरुवारचं भजन आहे. बाकीचे दिवस त्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतात, आणतात आणि भरवतात. आजोबा १९ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आजींचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय.

गंमत म्हणजे, शहरातल्या म्हाताऱ्यांचा सगळ्यात यशस्वी उद्योग एका रुपयाच्या निधीशिवाय उभा राहिला. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच माणसं जमवली आणि हास्यक्लब सुरू झाला. इमारत नव्हती आणि कोनशिलाही नव्हती. आज ज्या बागेत जाल तिथे सकाळी हात वर करून हा-हा-हो-हो चाललेलं असतं. आपल्या वॉर्डाचं अंदाजपत्रक वाचून आलेली मंडळी असावीत, असं मला पूर्वी वाटायचं.

वर्षातून एकदा, १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शहराला या सगळ्यांची आठवण येते. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात शाल पांघरवतात, कवळी बसवलेल्या माणसाच्या हाती नारळ देतात, आणि दोन तास 'अनुभवाची शिदोरी' ऐकवतात. त्या भाषणांत रेल्वेचा विषय निघत नाही. करोनात, मार्च २०२० मध्ये, ज्येष्ठांची तिकीट सवलत थांबवली, पुरुषांची ४० टक्के आणि बायकांची ५० टक्के. गर्दी नको, म्हाताऱ्यांनी घरी बसावं, म्हणून. करोना गेला, गर्दी परत आली. सवलत अजून विलगीकरणात आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहरात प्रत्येक म्हाताऱ्यापर्यंत यंत्रणा पोचणार कशी? पोचते की! २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. आधी अर्ज भरून घेतला, मग ठरलेल्या दिवशी पथक आलं. सोबत पोलीस, व्हिडिओवाला, मतपत्रिका आणि गुप्ततेसाठी पुठ्ठ्याचा आडोसाही. लिफ्ट बंद असली तरी तिसरा मजला चढून आले. किल्ली घेऊन सकाळी सहाला येणारा एक वॉचमन नेमायला याहून मोठं पथक लागेल असं वाटत नाही.