यूव्हीसी आहे का?

प्रत्येक सोसायटीत एक लिनक्सवाला असतोच. लग्नाच्या पंगतीत तो नेमका तुमच्या शेजारी बसतो आणि जिलबी येईपर्यंत तुमचं विंडोज काढून टाकायचा मुहूर्तही ठरवतो. आमच्याकडे हे खातं अण्णांकडे आहे.

अण्णांना वेबकॅम हवा होता. "सातशेच्या वर एक रुपया देणार नाही," असं बजावून त्यांनी पाठीवर जुना लॅपटॉप टाकला आणि मला हमाल म्हणून लॅमिंग्टन रोडला नेलं. पहिल्याच दुकानात विचारलं, "यूव्हीसी आहे का?"

"पीव्हीसी? पाइपवाला मागच्या गल्लीत."

यूव्हीसी म्हणजे यूएसबी कॅमेऱ्यांची ठरलेली बोली. ती बोलणारा कॅमेरा लिनक्सवर नुसता खोचला की चालतो, कारण त्याचा ड्रायव्हर 2008 पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. हे मला कसं ठाऊक? मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली असताना अण्णांनी दुकानदाराला ते दोनदा समजावलं.

दुसऱ्या दुकानात "यूव्हीसी आहे का?" म्हटल्यावर उत्तर आलं, "ड्रायव्हरची सीडी आहे ना आत!" अण्णांनी डबा विंचू निघाल्यासारखा खाली ठेवला. तिसऱ्यात डब्यावर 'फुल एचडी' लिहिलेलं. अण्णांनी काउंटरवरच लॅपटॉप उघडला, कॅमेरा खोचला, काळ्या पडद्यावर कमांड ठोकली आणि जाहीर केलं, "640 बाय 480! बाकीचं सगळं डब्यावर." धाड पडली समजून नोकराने शटरला हात घातला.

सातव्या दुकानात मीच कंटाळून विचारलं, "यूव्हीसी आहे का?"

"आहे. साडेचारशे."

अण्णांचा चेहरा पडला. अख्खं भाषण वाया गेलं होतं.

घरी चित्र आलं. जरा हिरवट, पण आलं. अण्णांनी केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि बंगळूरला मुलाला कॉल केला. पलीकडून आवाज आला. चेहरा नाही, नुसता काळा चौकोन.

"बाबा, दिसताय हं. माझा कॅमेरा बिघडलाय."

एरवी अण्णा अशा वेळी कर्नलपासून सुरुवात करतात. आज ते त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "यूव्हीसी आहे का रे तुझा?"

शनिवारी आम्ही पुन्हा त्या सातव्या दुकानात गेलो. साडेचारशेचा आणखी एक घेतला आणि बंगळूरला कुरियर केला. या वेळी अण्णांनी डबा उघडूनही पाहिला नाही.