कॉपी मिळणार नाही

मायकल जॅक्सन मुंबईत नाचला तो १ नोव्हेंबर १९९६ रोजी, अंधेरीच्या क्रीडासंकुलात. कार्यक्रम एका रात्रीचा, फाईल चोवीस वर्षांची. मराठी तरुणांना रोजगार मिळावा म्हणून काढलेल्या शिवउद्योग सेनेसाठी राज ठाकरे यांनी तो घडवून आणला. मनोहर जोशींच्या सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला पुन्हा विचार करायला सांगितलं. सरकारने घाई न करता विचार केला आणि जानेवारी २०२१ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने तीन कोटींहून जास्त रकमेचा तोच कर पुन्हा माफ केला. चुलतभावांचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी ही फाईल वाचावी. तोवर मायकलला जाऊन अकरा वर्षं उलटली होती. कुठल्याही गायकाची एक रात्र महाराष्ट्र शासनाने इतकी जिवापाड जपलेली नाही. फक्त त्या फायलीत गाणं नाही, एवढंच.

ते गाणं शोधणारा माणूस पुण्याजवळ, आमच्या मारुंजीत राहतो. टॉवरचा बारावा मजला, नोकरी खाली हिंजवडीत, मॅनेजरकी. शनिवारी रात्री आसपासच्या लॉन्सवरचे डीजे दहाला कसेबसे थंडावले की हा हेडफोन चढवतो आणि मायकलच्या ‘हिस्टरी’ दौऱ्यात शिरतो. ७ सप्टेंबर १९९६ ला प्राग, १५ ऑक्टोबर १९९७ ला दरबान, मध्ये एकूण ८२ कार्यक्रम. अधिकृत ध्वनिमुद्रणं त्याला नकोत. मिक्सरमधून थेट घेतलेलं स्वच्छ रेकॉर्डिंग त्याला बेचव वाटतं. त्याला हवं असतं ते गर्दीतल्या कुणीतरी जाकिटाच्या खिशात वॉकमन लपवून केलेलं, ज्यात गायक लांबून ऐकू येतो आणि शेजारचा प्रेक्षक जवळून.

आता यातली गंमत बघा. त्या दौऱ्यात बरीच गाणी आधीच मुद्रित केलेल्या आवाजावर नुसते ओठ हलवून झाली, हे मायकलचे भक्तच मान्य करतात. म्हणजे प्रागमध्येही तोच आवाज, सेऊलमध्येही तोच, क्वालालंपूरमध्येही तोच. ‘मग ८२ वेळा कशाला ऐकायचं?’ असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘गाणं एकच आहे हो, ओरडणारे वेगळे आहेत.’

मी एरवी या माणसाच्या विक्षिप्तपणावर लिहिणार होतो, पण हे उत्तर मला पटलं. ज्या कार्यक्रमात गायकच टेपवर आहे, तिथे जिवंत असतो तो प्रेक्षक, आणि तो सापडतो फक्त या चोरट्या रेकॉर्डिंगमध्ये. मुंबईच्या रात्रीचं त्याच्या मनासारखं काही त्याला अजून मिळालेलं नाही. अंधेरीचं पब्लिक पहिल्या ठोक्याला कसं किंचाळलं हे त्याला ऐकायचंय. करमाफीच्या आदेशात याची नोंद नसावी.

या छंदातली सोवळी-ओवळी मात्र पेशवाईला लाजवतील. मूळ कॅसेट ती ‘मास्टर’, तिच्यावरून उतरवलेली पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. लग्न जुळवताना गोत्र विचारावं तसं आधी ‘पिढी कुठली?’ विचारतात. चौथ्या पिढीची कॅसेट म्हणजे नुसती खरखर, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एमपी-थ्री पाठवलीत तर पंक्तीतून उठवतात, फाईल आवाज न कापणारी ‘फ्लॅक’च हवी.

याही पंथाचे संत आहेत. लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड धडधाकट असून सत्तरच्या दशकात चाकाच्या खुर्चीत बसून ‘लेड झेपलिन’ या रॉक बँडच्या कार्यक्रमांना जायचा, कारण त्या खुर्चीत नाकामिची कंपनीचा जडशीळ टेपरेकॉर्डर लपवता यायचा. उलट ‘ग्रेटफुल डेड’ या मंडळींनी १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांना वेगळी जागाच आखून दिली. करा, वाटा, फक्त विकू नका, असा तिथला रिवाज. त्यांचे कार्यक्रम आज ढिगाने ऐकायला मिळतात ते या वाटावाटीमुळे. झेपलिनच्या पेज आणि प्लँट या दोघांनी १९७२ मध्ये आपल्या मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित केली होती. ती स्टुडिओतली खरी, पण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मधली चाळीसेक वर्षं ती जगली ती चोरट्या प्रतींवर.

आपल्याकडे चाकाच्या खुर्चीची गरज कधी पडली नाही. आयोजकांचा भाचा दुबईहून आणलेला नॅशनल पॅनासॉनिक सरळ स्टेजवर, तबल्याच्या पुढ्यात ठेवायचा. त्यामुळे मराठी मैफलीच्या अनेक टेपांत तबला प्रमुख कलाकार आणि गायक साथीला. नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला, नेमक्या तिसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी, खट्ट. बाजू पालटेपर्यंत अंतरा गेलेला असतो आणि टाळ्या मात्र पूर्ण येतात.

आमचे पॉप गायक कोण, असं नव्या पिढीने विचारू नये. सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, यांनी ‘गीतरामायण’ आधी पुणे आकाशवाणीवर आणलं, १९५५ ची रामनवमी ते १९५६, छप्पन्न गाणी. मग जन्मभर ते गावोगाव गात राहिले. अरुण दाते यांच्या ‘शुक्रतारा’चे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. ठाण्यातला, नागपुरातला, इंदूरचा प्रयोग एकच नव्हे. कुठे घसा बसलेला, कुठे पेटीवाला रंगात, कुठे मागून कुणी फर्माईश ओरडलेली. तबकडीवर यातलं काही नाही. ते असलंच तर कुणाच्या तरी घरी, बुटांच्या खोक्यात, पाठीवर निळ्या शाईने तारीख घातलेल्या कॅसेटमध्ये.

आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे सदाशिव पेठेतले काका. काका टेप ऐकवतात. त्यासाठी वेळ घ्यावी लागते, दुपारी एक ते चार सोडून. चहा अर्धा कप. ‘हे जगात फक्त माझ्याकडे आहे’ ही प्रस्तावना टेपपेक्षा लांब. ऐकून तुमचे डोळे पाणावले की काका समाधानाने बटण दाबून टेप बंद करतात. कॉपी मिळणार नाही. का? तर दिली की त्याची किंमत जाते. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊस मैफलींच्या कॅसेट रीतसर काढून दुकानात विकत होतं, तेव्हाही काकांचं मत ठाम होतं: बाजारात आलं ते संपलं.

वाईट हे की कायदा काकांच्या बाजूने आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या प्रयोगावर हक्क मिळाला. तो मिळायलाच हवा होता, गायकाच्या घशावर कॅसेटवाल्यांनी बंगले बांधले. त्याच कायद्यात पुढे म्हटलंय की स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्डिंग केलं तर हक्कभंग होत नाही. म्हणजे टेप करून कपाटात कुलूप लावून ठेवणारा माणूस निर्दोष, आणि शेजाऱ्याला प्रेमाने प्रत काढून देणारा अडचणीत. कंजूषपणाला इतकं भक्कम कायदेशीर संरक्षण जगात क्वचितच मिळालं असेल. काकांना हे कलम ठाऊक नाही, नाहीतर दारावर त्याचीही पाटी लागली असती.

काका जातात. वाडा बिल्डरला जातो. मुलगा मारुंजीत टू बीएचके घेतो, आणि इथे गोष्टीला खरं वळण लागतं, कारण मारुंजीच्या टॉवरमध्ये माळा नसतो. जिम असते, क्लबहाऊस असतं, पाणी टँकरने येतं, पण जिथे वडिलांचं खोकं ढकलून तीस वर्षं विसरून जाता येईल अशी जागा कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. आमच्या गेटबाहेरच्या भंगारवाल्याकडे मी स्पूलच्या थाळ्या पाहिल्या आहेत. टेप उलगडून टाकलेली, थाळ्या प्लॅस्टिकच्या भावात. टेपेला किलोचा दर नाही, असं तो सांगतो.

हाच मुलगा सकाळी लक्ष्मी चौकात पाऊण तास अडकून ऑफिसला पोचतो आणि दिवसभर करतो काय? तर अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेच्या डेटाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी नीट ठेवल्या आहेत ना, याची चौकशी. एक प्रत जळाली तर दुसरी कुठे, दुसरी बुडाली तर तिसरी कुठे, याची तालीम महिन्या-महिन्याला. ओहायोतल्या आजीबाईंच्या कर्जाच्या हप्त्याला तीन प्रती आणि बापाने स्वतः टेप केलेल्या बाबूजींना एकही नाही. याला आमच्याकडे करिअर म्हणतात.

टेप वाचवणं फार अवघड आहे अशातला भाग नाही. बुरशी पुसता येते, जुन्या चिकट स्पूलला मंद आचेवर काही तास शेकवून एकदा वाजण्यापुरतं शहाणं करता येतं. अवघड असतं ते काकांना पटवणं.

आता सगळेच रेकॉर्ड करतात, मग भीती कसली, असं म्हणाल. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ झाला, तेव्हा आमच्या टॉवरमधून निम्मं तरुण मंडळ गेलं होतं. प्रत्येकाकडे चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे आहेत, सगळे एकाच गाण्याचे, आणि प्रत्येकात मालक स्वतः गातोय, तोही बेसूर. सलग दोन तास हात न हलवता बसणारा आयोजकांचा भाचा आता जन्माला येत नाही. पण या तुकड्यांना मी नाकं मुरडणार नाही. ही पोरं निदान मागितल्याशिवायही पाठवतात. फॅमिली ग्रुपवर, दिवसातून सहादा.

बाराव्या मजल्यावरच्या गृहस्थांना परवा मी कायद्याचा हिशेब करून दाखवला. कलाकाराचा हक्क प्रयोगानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षं. म्हणजे अंधेरीच्या त्या रात्रीवरचा हक्क २०४६ संपता संपता संपेल, आणि १ जानेवारी २०४७ ला कुणाच्याही कपाटातली टेप निदान या कलमाच्या धाकातून मोकळी होईल. तेव्हा हे गृहस्थ सत्तरीत असतील. ‘थांबेन की,’ म्हणाले. हिंजवडी, माण, मारुंजीसह सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्तावही तोवर मार्गी लागेल का, असं विचारलं, तर म्हणाले, ‘मी मायकलबद्दल बोलत होतो.’