बंदोबस्त काकाजी

फेब्रुवारी महिना आहे, अंगातला स्वेटर अजून उतरलेला नाही आणि तरीही एखादा माणूस अंगणात कूलर उघडून बसला आहे, असं दिसलं की समजावं, हे त्या लेआउटचे बंदोबस्त काकाजी. नागपूर जिल्ह्यात असं एखादं लेआउट सापडणार नाही, जिथे हे गृहस्थ नाहीत. नाव काहीही असो, धंदा एकच. जे संकट अजून आलेलं नाही, त्याची तयारी.

आमचे काकाजी हिंगण्याचे. लोकमान्य नगरला मेट्रो संपते. तिथून एमआयडीसी मागे टाकून हिंगण्याकडे आलं की गच्चीवर एक-एक टाकी असलेली घरं लागतात. ज्या घरावर चार टाक्या, ते काकाजींचं. त्यांची उभी हयात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून गेली. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं शाल-श्रीफळ दिलं आणि काकाजी कारखान्याची शिस्त घेऊन घरी आले. तेव्हापासून तुरीच्या डाळीच्या कोठीला, गव्हाच्या कोठीला, फार काय साबणाच्या डब्यालाही सुतळीनं एकेक कार्ड बांधलेलं आहे. आवक, जावक, शिल्लक. आवकचा रकाना भरगच्च, शिल्लक ठसठशीत. जावकच्या रकान्यात मात्र प्रत्येक वेळी लाल शाईनं कारण लिहिलेलं असतं. "पाहुणे." "पुन्हा पाहुणे." "वरण विनाकारण घट्ट."

जगात काही मुलखांत लोक बर्फाच्या भीतीनं घर भरून ठेवतात. आमच्याकडे माणसाला घरात कोंडायचं काम ऊन करतं. मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच रस्त्यावर संचारबंदी असते, फक्त ती कोणी जाहीर करत नाही. महिनाअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो, आणि मग ते नऊ दिवस कामाचा माणूस दुपट्टा गुंडाळून निघतो, बाकीचे निघतच नाहीत. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. काकाजींना स्वतःच्या लग्नाची तारीख विचारावी लागते, ही लागत नाही.

म्हणून होळीच्या आत कूलर तयार झालाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. उन्हं तापली की ताट्यांचे भाव चढतात आणि मिस्त्री फोन उचलत नाही. काकाजी जुन्या ताट्या काढतात, जाळीवरचा क्षारांचा पांढरा थर खरवडतात, टाकीला आतून डांबर फासतात. नवी खस आली की मूठभर उपटून नाकाशी धरतात आणि डोळे मिटतात. दुकानदार तोवर श्वास रोखून उभा. "वास हाय, पण दम नाई," असा निकाल लागला की बिचारा दुसरा गठ्ठा सोडतो. मग पंप. एक कूलरमध्ये, एक राखीव आणि एक राखीवचा राखीव. तिन्ही पंप बादलीत सोडून त्यांची धार मोजली जाते. तेवढ्यात कोणी रस्त्यानं गेलंच, तर त्याला कूलरचं शास्त्र ऐकून जावं लागतं. "हवा कोरडी असंन, तरच ताटीतलं पाणी उडते. उडताना गर्मी घेऊन जाते. मुंबईत हाच कूलर लावला तर खोलीत नुसती चिकचिक. आपल्या हवेची किंमत लोकाईले नाई जी!" विदर्भाच्या उन्हाची एवढी बाजू खुद्द सूर्यनारायणानंही घेतली नसेल.

काकूंची आघाडी वेगळी. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या आणि पापड गच्चीवर वाळतात आणि कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर बरण्यांत जातो. हे सगळं त्या दरवर्षी करतात आणि दरवर्षी संपवतात. त्यांचं भांडण आहे ते न संपणाऱ्या गोष्टींशी. पलंगाखाली मेणबत्त्यांचे पुडे आहेत, त्या उन्हानं वाकून एकमेकींच्या गळ्यात पडल्या आहेत. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश थंडी पडली. त्याच दिवशी काकाजींनी आणलेली विजेची शेगडी अजून खोक्यात आहे. "तेव्हा काऊन नाही काढली?" असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "आणखी उतरला असता तर काढली असती."

इथे या माणसाची सगळी मेख आहे. संकट म्हणजे काकाजींच्या लेखी नेहमी पुढचं. जे दारात येऊन उभं राहतं ती त्याची रंगीत तालीम, आणि तालमीत खरा दारूगोळा कोणी उडवत नाही.

मे २०२४ च्या अखेरीस मात्र ते क्षणभर कृतार्थ झाले. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान दाखवलं ५६ अंश! काकाजींनी सगळ्या नातलगांना फोन लावले. आवाजात काळजी होती, पण तिच्या खाली लग्नघरचा उत्साह लपत नव्हता. पुढे हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. काकाजींचा चेहरा उतरला. "मशीनले खोटं बोलून काय भेटते?" एवढंच म्हणाले आणि राखीवच्या राखीव पंपाला कपड्यात गुंडाळून परत ठेवून आले.

त्यांची लेक अमेरिकेत बफेलोजवळ राहते. एरी सरोवराच्या काठचा तो भाग. थंडगार वारा सरोवराच्या त्या मानानं उबदार पाण्यावरून वाफ उचलतो आणि काठावर बर्फ करून टाकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठं वादळ येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या, तसे काकाजी व्हिडिओ कॉलवर तपासणीला बसले. "फोन फडताळाकडे फिरव. आता खालचा कप्पा." ब्रेड दिसला, दूध दिसलं, टॉर्च, बॅटऱ्या, फावडं. दाराशी दोन पोती होती.

"हे काय होय, जवाईबुवा?"

"मीठ, बाबा."

"दोन पोते? खाले?"

"नाही, पायऱ्यांवर टाकायला. मिठानं बर्फ वितळतो."

काकाजी काही क्षण बोलले नाहीत. मग काकूंकडे वळून म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी पडली."

पण हे कौतुक फार टिकलं नाही. लेकीनं सांगितलं की कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून रात्री नळाची बारीक धार सुरू ठेवतात. चार टाक्यांचा धनी खुर्चीतून उठला. "नळ चालू ठेवून झोपता?" घर गरम करायच्या यंत्राची धुराची नळी बर्फानं बुजू द्यायची नसते, नाहीतर विषारी वायू घरात साचतो, हे त्यांनी लगेच डायरीत लिहून घेतलं. हिंगण्यात त्याचा उपयोग काय, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

वादळ आलं. त्याच भागातल्या ऑर्चर्ड पार्कला साडेसहा फुटांच्या वर बर्फ पडला. लेक-जावई सुखरूप होते, पण त्यांच्या घरात दुधाचा थेंब उरला नव्हता, बॅटऱ्या वापरून झाल्या होत्या आणि मिठाच्या पोत्यांची नुसती कातडी राहिली होती.

"सगळं संपवलं?" काकाजी हादरले. "मंग आता राहिलं काय?"

"बाबा, त्याच्यासाठीच तर आणलं होतं."

हे तर्कशास्त्र त्यांना अजून पटलेलं नाही.

मागच्या नवतप्यात आमच्या लेआउटची लाइट ऐन रात्री गेली. कूलर घरघरत थांबले, आणि थोड्याच वेळात अख्खी आळी काकाजींच्या अंगणात जमली, कारण इन्व्हर्टर, बॅटरी आणि ऐपतीबाहेरचा पाणीसाठा यांची ख्याती सर्वदूर होती. काकूंनी कोणाला न विचारता पन्ह्याची बरणी फोडली. काकाजी टॉर्चच्या उजेडात कार्डावर "जावक: लाइट गेली" असं लिहीत होते. लहान पोरं घामानं चिंब झाली होती, तेव्हा कोणीतरी सुचवलं, "काकाजी, इन्व्हर्टरवर एक पंखा तरी लावा ना जी."

"अन् रात्री लाइट गेली तर?"

"रात्रच होय, काकाजी!"

"ही रात्र नाई म्हणत मी. आणखी मोठी."

लाइट आली तेव्हा पहाटेचे कोंबडे आरवत होते. सकाळी बफेलोहून फोन आला.

"बाबा, काल फार हाल झाले म्हणे. इन्व्हर्टर होता ना आपल्याकडे?"

"होता काय, हाय ना!" काकाजी अभिमानानं म्हणाले. "फुल चार्ज."