टब आला, पाणी कुठंय?

बाथटब घ्यायला गेलेला मराठी माणूस दुकानातच टबात बसून बघतो. चपला काढून, पाय लांब करून, मान मागे टेकवून. शेजारी उभी असलेली बायको ‘उठा आता, लोक बघतायत’ म्हणेपर्यंत हा कार्यक्रम चालतो. रंग, आकार, पाठीला आधार, सगळ्याची चौकशी होते. पाइपाचा विषय मात्र कुणी काढत नाही. तो प्लंबरचा विषय, आणि प्लंबर म्हणजे टब जिन्याच्या वळणावर अडकल्यानंतर आठवणारा माणूस.

पुण्यातल्या एका सात मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांनी असाच एक टब आणला. भरायला १८० लिटर पाणी लागणारा. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी हिशेबात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे एका अंघोळीत गृहस्थ स्वतःचा अख्खा वाटा आणि बायकोच्या वाट्याचा एक तृतीयांश संपवणार होते. तिला हे अजून सांगितलेलं नव्हतं.

प्लंबर आला आणि टबाकडे ढुंकूनही न बघता थेट गच्चीत गेला. टाकीच्या तळापासून खाली नजरेनंच माप घेतलं आणि म्हणाला, “साहेब, प्रेशर नाही.”

त्याचं बरोबर होतं. पाण्याची टाकी नळापासून दहा मीटर उंच असली की साधारण एक बार दाब मिळतो. गृहस्थांच्या डोक्यावर टाकी जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. तळमजल्यावर मात्र दोन बारांच्या वर दाब, तोही फुकट. वरच्या मजल्यासाठी बिल्डरला ‘फ्लोअर राइज’ म्हणून मजल्यागणिक जादा पैसे मोजले होते. गुरुत्वाकर्षणाकडे त्याची नोंद नव्हती. प्रेशर पंप लावायचा तर सोसायटीची परवानगी हवी, आणि सेक्रेटरी राहतात तळमजल्यावर. त्यांच्याकडे नळ सोडला की पाणी बादलीत आपटून परत अंगावर येतं. ‘प्रेशर नाही’ ही तक्रार त्यांना चोचल्यांमध्ये मोडते असं वाटतं.

राहिला उपाय पाइप वाढवण्याचा. अर्धा इंची काढून पाऊण इंची टाकायचा.

“पाव इंचासाठी भिंत फोडायची?”

“पाव इंच दिसतो, साहेब. पाणी दुपटीच्या वर जातं.”

शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ हेच सांगतं, पण गृहस्थांना ते त्या वेळी मार्कांपुरतं लागलं होतं.

मग पाइप कशाचा, यावर घरात परिसंवाद झाला. जुनी लाइन जीआयची होती, सुतळी आणि सफेदा लावून आटे आवळलेली. तिचा एक तुकडा कापला, तर आत गंजाचे थर चढून करंगळीही जाईना. इतकी वर्षं आपण यातून आलेलं पाणी अंगावर घेत होतो, यावर सगळे थोडा वेळ गप्प होते. गृहस्थांना तांबं हवं होतं, कारण तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं असतं. ते पिण्याचं, अंघोळीचं नव्हे, हा मुद्दा किंमत ऐकल्यावर त्यांना आपोआप पटला. हिरवा पीपीआर चांगला, पण त्याचे जोड २६० अंशांना तापवलेल्या यंत्रानं वितळवून करावे लागतात आणि प्लंबरकडे ते यंत्र नव्हतं. त्यामुळे पीपीआर वाईट ठरला. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याचा. अखेर क्रीम रंगाचा सीपीव्हीसी मुक्रर झाला. तो ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो.

काम मात्र बघण्यासारखं झालं. कापलेल्या टोकावरची कूस प्लंबरनं घासून काढली, पाइपाला आणि एल्बोच्या आत सोल्युशन फिरवलं, पाइप घुसवून पाव वळसा दिला आणि मनात आकडे मोजत तसाच दाबून धरला. जोडाभोवती सोल्युशनची बारीक, सलग कडी उमटली, तेव्हाच हात काढला. मिक्सरच्या दोन तोंडांमध्ये बरोबर १५० मिलिमीटर अंतर, गरम डावीकडे. झिरीत गरम पाइपाला थोडी मोकळीक ठेवली, कारण तीन मीटर सीपीव्हीसी पस्तीस अंशांनी तापला की सुमारे सात मिलिमीटर लांबतो. गवंडी ती झिरी सिमेंटनं ठासून भरायला निघाला होता. त्या दोघांमधला संवाद छापण्याजोगा नाही.

सगळं झाल्यावर गिझरची आठवण झाली. पंचवीस लिटरचा. त्यातलं ६० अंशांचं पाणी टाकीतल्या २५ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं, तर होतं ५८ लिटर. म्हणजे टबाला तीन गिझर आणि वर थोडं. दोन किलोवॅटच्या गिझरला प्रत्येक खेपेला अर्धा तास लागतो. तिसरी खेप येईपर्यंत पहिलं पाणी निवत आलेलं असतं. नव्या पाइपाचा परिणाम एवढाच झाला, की गिझर आता दुप्पट वेगानं रिकामा होतो.

टब वाया गेला म्हणावं, तर तसंही नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी बरेचदा गुरुवारी पाणी बंद असतं, त्यामुळे बुधवारी रात्री टब काठोकाठ भरला जातो. १८० लिटरचा साठा इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नाही, हे गृहस्थ लिफ्टमध्ये सहज सांगतात.

प्लंबरनं मात्र जाताना पाणी उलट जाऊ न देणारा एनआरव्ही बसवायचा आग्रह धरला होता आणि ‘अजून एक खर्च’ म्हणून तो फेटाळला गेला. हँडशॉवर टबातल्या पाण्यात बुडालेला, मिक्सर उघडा राहिलेला, गच्चीवरचा व्हॉल्व बंद आणि लाइनला हवेचा पाइप नाही, असा योग जुळला आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, तर टबातलं पाणी उलट ओढलं जाऊन त्या नळातून येऊ शकतं. सेक्रेटरींना गुरुवारी दुपारी, पाणी बंद असताना, चहापुरतं पाणी मिळालं. त्यांनी सोसायटीच्या वहीत टाकी साफ करणाऱ्याचं कौतुक लिहून ठेवलं आहे.