ड्रायव्हरचं मत

माझा भाचा ऑस्लोला असतो आणि कर्नाटकातल्या नंजनगूडात निवृत्त होऊन बसलेल्या मला, म्हणजे मामाला, फोनवरून लोकशाही शिकवतो. "मामा, इथे संसद मधेच बरखास्त करता येत नाही. चार वर्षं म्हणजे चार वर्षं. पोटनिवडणूकसुद्धा नाही. जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा माणूस येऊन बसतो."

मला नॉर्वेकरांची दया आली. आमच्याकडे आमदार श्रीनिवास प्रसाद काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि २०१७ साली पोटनिवडणूक लागली. त्यांना पाडायला काँग्रेसने कळले केशवमूर्तींना जेडीएसमधून आणलं. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांसकट सगळे प्रचाराला. केशवमूर्ती निवडून आले. अशी फुकटची करमणूक नॉर्वेत कायद्यानेच बंद!

"पण मामा, इथले नेते किती साधे!" भाचा हटत नाही. १९७३ च्या तेलटंचाईत शनिवार-रविवारी गाड्यांना बंदी होती, तेव्हा राजे ओलाफ स्की घेऊन ट्रामने निघाले आणि तिकिटाचे पैसेही त्यांनी पुढे केले. २०१३ मध्ये पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग तर स्वतःच टॅक्सी-ड्रायव्हर झाले. मतदारांशी गप्पा, सोबत छुपा कॅमेरा. त्यातल्या काही प्रवाशांना आधीच पैसे देऊन बोलावलं होतं, एवढं भाचा गाळतो. त्याच वर्षी ते निवडणूक हरले, हेही गाळतो.

मग मी आमचा ड्रायव्हर काढतो. इथून जवळच्या संतेमरहळ्ळीत २००४ साली काँग्रेसचे ध्रुवनारायण ४०,७५२ मतं घेऊन जिंकले. जेडीएसचे कृष्णमूर्ती ४०,७५१ वर थांबले. मतदानाच्या दिवशी कृष्णमूर्तींच्या ड्रायव्हरला मत द्यायला सवडच मिळाली नाही, असं लोक अजून सांगतात.

यावर भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "इथे मतदान सप्टेंबरात, पण १० ऑगस्टपासूनच वाचनालयात नाहीतर मॉलमध्ये जाऊन आधी मत देता येतं."

इथे मात्र नॉर्वेपुढे हात जोडले. तशी सोय असती तर सामना निदान बरोबरीत सुटून चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या.

ती सोय आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर वाचकहो, मतदानाच्या दिवशी ड्रायव्हरला, स्वयंपाकाच्या बाईंना, वॉचमनला सकाळीच मोकळं करा. आणि मत कुणाला दिलंत, हे विचारू नका.