किक मारली का?

स्वारगेटला थांबणं हा गुन्हाच समजला जातो. जेधे चौकात सिग्नल लाल असला तरी मागच्याचा हॉर्न हिरवा झालेला असतो. एका अंगाला सातारा-सांगली-कोल्हापूरच्या एसट्या, दुसऱ्या अंगाला पीएमपीच्या बस, त्यांच्यामधून रिक्षा आणि उरलेल्या फटींतून दुचाक्या. सप्टेंबर २०२४ पासून तर जमिनीखालून मेट्रोही धावायला लागली. या धावपळीत माणसाला तासन्‌तास एका जागी उकिडवं बसवून ठेवण्याची ताकद मला एकाच वस्तूत दिसली आहे. ती म्हणजे इंजिनात पडलेला बारका पार्ट.

हा प्रसंग बहुधा रविवारी सकाळी घडतो. मुकुंदनगर किंवा गुलटेकडीच्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग असतं. जमिनीवर आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र, त्यावर पाने आणि पक्कड, शेजारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नटबोल्ट. आणि या सगळ्याच्या मधोमध, बनियनवर बसलेले एक काका. गॅरेजला पैसे जातील म्हणून ते स्वतः दुरुस्ती करत नाहीत, हा आपला गैरसमज आहे. प्रश्न तत्त्वाचा असतो. मिस्त्री चांगला पार्ट काढून जुना बसवतो, अशी त्यांची ठाम समजूत असते आणि ती कोणत्याही पुराव्यावर अवलंबून नसते.

स्कूटर जुनी चेतक असेल तर विचारूच नका. १९७२ साली इथूनच, आकुर्डीच्या कारखान्यातून, चेतक बाहेर पडू लागली आणि पुढची कित्येक वर्षं लोक ती मिळवण्यासाठी नंबर लावून बसले. लग्न आधी ठरेल की स्कूटर आधी येईल, हे सांगता येत नसे. इतकी वाट पाहून आलेल्या गाडीला परक्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, हे घराण्याचं धोरण होऊन बसलं. पुढच्या पिढीला ती गाडी मिळाली आणि गाडीबरोबर ते धोरणही.

तर काकांनी ब्लॉक काढलेला असतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी एक गजन पिन असते आणि ती सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना एकेक सर्कलिप. सर्कलिप म्हणजे स्प्रिंगच्या तारेचं छोटंसं अर्धवट कडं. कानातल्याच्या फिरकीएवढा त्याचा जीव आणि तिच्यासारखाच स्वभाव: नको तेव्हा सुटायचं आणि सापडेल अशा जागी कधी पडायचं नाही. नोज प्लायरच्या चिमटीत ते दाबून धरलेलं असतं, खोबणीत बसता बसता निसटतं, आणि बरोबर खाली उघडा पडलेला असतो क्रँककेसचा जबडा.

आवाजावरून सगळं कळतं. फरशीवर पडलेलं सर्कलिप टिणटिण करत लांब जातं. क्रँककेसमध्ये पडलेलं एकदाच ‘टक्‌’ करतं आणि गप्प होतं. काकांच्या कानांनी ते बरोबर ओळखलेलं असतं, पण मन मानत नाही. मग पार्किंगची फरशी झाडून काढली जाते, वर्तमानपत्र झटकलं जातं, पायजम्याच्या घड्या उलगडल्या जातात, शेजारच्या गाडीखाली टॉर्च मारला जातो. जिथे ते पडलंय तिथे सोडून सगळीकडे शोध चालतो. या निमित्ताने गेल्या वर्षी हरवलेली किल्ली सापडते.

नाना पेठेत असं नवं सर्कलिप काही रुपयांत मिळतं. तेच सर्कलिप क्रँककेसच्या तळाशी गेलं की त्याची किंमत अख्ख्या इंजिनाएवढी होते. वस्तूचा भाव ती काय आहे यावर नाही, कुठे आहे यावर ठरतो, हे पुण्यात घर शोधलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

मग मासेमारी सुरू होते. पहिलं हत्यार लोहचुंबक. सर्कलिप पोलादी असल्यामुळे इथे खरोखर आशा असते. भोवतालचं क्रँककेस ॲल्युमिनियमचं असल्याने चुंबक भिंतींना चिकटत नाही, ही निसर्गाची कृपाच. कार्ब्युरेटरचा पितळी जेट किंवा तांब्याचा वायसर पडला असता, तर चुंबकाने नुसतं पाहत बसायचं होतं. तिथे काडीच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावून तळ चाचपावा लागतो. या साऱ्याला वेळ लागतो आणि काकांना तो सोसत नाही. मग हाताला जुनी सवय आठवते. गाडी सुरू होत नसली की ती तिरकी करायची आणि मग किक मारायची, यावर महाराष्ट्राच्या निदान दोन पिढ्या पोसल्या आहेत. काका स्कूटर तिरकी करतात. इतका वेळ समोर असलेलं सर्कलिप क्रँकच्या पाळ्यामागे सरकतं आणि चुंबकाला कायमचं दुरावतं.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. थांबलेल्या इंजिनात पडलेला तुकडा निरुपद्रवी असतो, वर्षभर तसाच पडून राहिला तरी. बिघाडाची खरी सुरुवात एका वाक्याने होते: “बसला असेल कुठेतरी कोपऱ्यात, एकदा सुरू करून तर बघू.”

टू-स्ट्रोक इंजिनात कोपरा नावाची गोष्टच नसते. पिस्टनखालची जागा तेल साठवायची नसून कामाची आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर फेकलं जातं. त्या झोतात तारेचा तुकडाही वर जाऊ शकतो. पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये सापडला तर मिनिटाला हजारो वेळा ठोकला जातो आणि ब्लॉकला ओरखडे पडतात. खालीच राहिला तर क्रँकमध्ये अडकतो. फोर-स्ट्रोक गाडी त्या मानाने पोटात ठेवणारी. टॅपेटच्या झाकणातून पडलेली वस्तू नशीब चांगलं असेल तर तळाच्या ऑइलमध्ये जाऊन बसते आणि एखाद्या ऑइल बदलाच्या दिवशी जाळीजवळ सापडते. पण तिथेही नशिबावर हवाला ठेवून किक मारणं शहाणपणाचं नाही.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजात मी अनेकदा उभा राहून पाहिलं आहे. ढकलत आणलेल्या स्कूटरचा मालक आपली कैफियत मांडायला लागतो: पक्कड कशी घसरली, नातू कसा मध्येच आला, उजेड कसा कमी होता. उस्ताद यातलं काही ऐकत नाहीत. काय पडलं हेही नंतर विचारतात. पहिला प्रश्न एकच असतो: “काका, किक मारली का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर हाफ इंजिनावर भागण्याची शक्यता असते. ‘एकदाच’ असं आलं, तर उस्ताद पोऱ्याला फुल इंजिन उतरवायला सांगतात. ‘एकदाच’ म्हणजे किती, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

त्याच उस्तादांना स्वतः सर्कलिप बसवताना पाहावं. आयुष्य यात गेलं, बोटांना डोळे आहेत, पण हात लावण्याआधी ते खिशातून एक कळकट चिंधी काढतात आणि अंगठ्याने क्रँककेसच्या तोंडात गच्च कोंबतात. मग सर्कलिप उचलतात. दर वेळी नवं, जुनं पुन्हा वापरायचं नाही. मी पाहत असतानाच एकदा ते निसटलं, चिंधीवर पडलं, त्यांनी उचललं, बसवलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कसलेल्या हातातून वस्तू पडत नाही असं मुळीच नाही. ती पडणार हे गृहीत धरूनच तो हात कामाला लागतो. काकांचा आपल्या हातांवर पूर्ण विश्वास असतो, म्हणून त्यांच्याकडे चिंधी नसते.

यात काकांना कमी लेखायचं कारण नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीर हायडेमेरी स्टेफनिशिन-पायपर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर दुरुस्ती करत होत्या. हत्यारांच्या पिशवीत ग्रीस गन गळली. ते ग्रीस पुसता पुसता पिशवीच हातून सुटली आणि तरंगत निघून गेली. पृथ्वीवरच्या हौशी निरीक्षकांना ती पुढे दुर्बिणीतून दिसत होती. काकांचं सर्कलिप हाताच्या अंतरावर असून दिसत नाही, यांची पिशवी जगाला दिसत असून हाती येत नव्हती. ऑगस्ट २००९ मध्ये ती वातावरणात शिरून जळून गेली. मला कौतुक आहे ते त्यानंतरच्या वागण्याचं. पिशवीमागे कोणी धावलं नाही. बाईंनी सहकाऱ्याची हत्यारं वाटून घेतली आणि उरलेलं काम पुरं केलं. पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात काय करायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चेतक आता विजेवर चालते. २०२० पासून विक्रीला आहे. तिच्यात पिस्टन नाही, गजन पिन नाही, त्यामुळे पाडायला जागाही नाही. काही बिनसलं की स्क्रीनवर सूचना येते आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. सोसायटीतले काका अशा गाडीकडे जरा कीव आल्यासारखं पाहतात. जिला आपण बिघडवूही शकत नाही, ती गाडी आपली कशी, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

मागे एकदा त्याच गॅरेजात एका काकांचं सर्कलिप पाचेक मिनिटांत निघालं. लांब दांड्याचं चुंबक, थोडा क्रँक फिरवणं, झालं. काका खूश. मग उस्तादांनी मजुरी सांगितली आणि काकांमधला पुणेकर जागा झाला.

“पाच मिनिटांच्या कामाचे एवढे?”

उस्ताद हात पुसत शांतपणे म्हणाले, “जास्त वाटतात ना काका? मग एक काम करा. घरी नेऊन किक मारून आणा. त्याचाही रेट सांगतो.”